बाळाचं दूध, वजनाची रेघ आणि मुलं वयात येण्याचं वय

सात-आठ वर्षांच्या मुलीच्या छातीत दुखरी गाठ हाताला लागली की घरातला पहिला संशय दुधावर जातो. गवळी म्हशीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतो, तेच पोरीच्या अंगात गेलं, हे इंदूरच्या रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत कुठल्याही मराठी घरात ऐकायला मिळतं. हे इंजेक्शन जनावरासाठी वाईटच. पण ऑक्सिटोसिन हे प्रथिनाच्या जातीचं संप्रेरक आहे. दुधातून थोडंफार आलं तरी पोटात त्याचे तुकडे होतात आणि ते पचून जातं. त्यानं मुलगी लवकर वयात येत नाही.

तरीही दुधाचा आणि वयात येण्याचा संबंध आहे. तो आठव्या वर्षीच्या पेल्यातल्या दुधाशी कमी आणि पहिल्या वर्षी बाळ काय प्यायलं, किती प्यायलं आणि त्याचं वजन कोणत्या वेगानं चढलं याच्याशी जास्त आहे. हे सगळं आईवडिलांना घरच्या घरी करता येण्यासारखं आहे. म्हणून कामाच्या क्रमानं सांगतो.

आधी वयाचे आकडे पक्के करा. मुलींमध्ये वयात येण्याची पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली येणारी गाठ. ती ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान कधीही आली तरी ठीक. त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. मुलांमध्ये पहिली खूण म्हणजे अंडकोशांचा आकार वाढणं, ते ९ ते १४ च्या दरम्यान. मिसरूड आणि घोगरा आवाज बऱ्याच नंतर. मुलीत ८ च्या आधी आणि मुलात ९ च्या आधी खूण दिसली तर 'लवकर', मुलीत १३ आणि मुलात १४ पूर्ण होऊनही काहीच नसेल तर 'उशिरा'. नववं लागलेल्या मुलीला गाठ आली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. जगभरची आकडेवारी एकत्र करून पाहिली तर १९७७ ते २०१३ या काळात मुलींमधली ही पहिली खूण दर दहा वर्षांना सुमारे तीन महिन्यांनी अलीकडे सरकली आहे. आजीच्या वेळेशी नातीची तुलना केली की म्हणूनच धक्का बसतो.

संबंध कुठून येतो

वयात येण्याची वेळ निम्म्याहून जास्त आनुवंशिक असते. आईला पाळी कधी आली, हा एकच प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो. उरलेल्या भागात पोषणाचा वाटा मोठा. मेंदूतल्या ज्या केंद्रातून वयात येण्याची प्रक्रिया सुरू होते, ते केंद्र शरीरातल्या चरबीच्या साठ्याची खबर घेत असतं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक येतं. साठा पुरेसा आहे असा निरोप लवकर मिळाला की पुढची साखळी लवकर हलू शकते.

बाळपणी हा साठा किती वेगानं भरतो हे पुष्कळसं प्रथिनांवर आणि पाजण्याच्या पद्धतीवर ठरतं. आईच्या १०० मिली दुधात साधारण १ ग्रॅम प्रथिन असतं, गाईच्या दुधात ३.२ च्या आसपास, म्हशीच्या दुधात ४ च्या जवळ. वासराला वर्षभरात जेवढं वाढायचं असतं तेवढं माणसाच्या बाळाला वाढायचं नसतं. जास्त प्रथिन पोटात गेलं की बाळाच्या रक्तात इन्सुलिन आणि आयजीएफ-१ नावाचं वाढीचं संप्रेरक वाढतं, आणि वजन आणि चरबी दोन्ही भराभर चढतात. युरोपातल्या पाच देशांत बाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून कमी आणि जास्त प्रथिनाची पावडर दिली गेली. जास्त प्रथिनवाली मुलं दोन वर्षांची असताना वजनानं पुढे होती आणि सहाव्या वर्षी त्यांच्यात लठ्ठपणा जास्त होता.

अंगावर पिणाऱ्या मुलांत वयात येणं थोडं उशिरा होतं असं अनेक पाहण्यांत दिसतं. फरक काही महिन्यांचा असतो, वर्षांचा नाही. मुलींमध्ये तो जास्त स्पष्ट दिसतो, मुलांमध्ये निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय अंगावर पाजणारी घरं इतरही बाबतींत वेगळी असतात, त्यामुळे सगळं श्रेय दुधाला देता येत नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली ३१ प्रसूतिगृहांतल्या १७ हजारांहून अधिक बाळांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या ठिकाणी स्तनपानासाठी खास मदत दिली. त्या गटात तीन महिन्यांपर्यंत फक्त अंगावर पिणारी बाळं ४३ टक्के होती, दुसऱ्या गटात ६ टक्के. तरीही साडेअकराव्या वर्षी दोन्ही गटांत लठ्ठपणा सारखाच निघाला. म्हणून 'अंगावर पाजलं, आता काळजी मिटली' असं समजू नका. आणि ज्या आईला पाजणं जमलं नाही तिनं स्वतःला दोष देत बसू नये. तिच्याही हातात बरंच काही उरतं.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं दाखवून दिलं की आपली नवजात बाळं वजनाला हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानानं जास्त असतं. अशा हलक्या बाळाला घाईघाईनं 'भरून काढायला' गेलं की आधी चरबी भरते. याचं टोकाचं उदाहरण स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचं. तिथं गेल्यावर त्यांचं वजन-उंची झपाट्यानं वाढलं, आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या पाळीचं मध्य वय ११.६ वर्षं निघालं. काहींना तर त्याच्या कितीतरी आधी आली.

पहिले सहा महिने

जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी. सिझेरियन असलं तरी आई बहुधा शुद्धीत असते, नर्सच्या मदतीनं घेता येतं. चिकाचं दूध घट्ट आणि पिवळं असतं, चमचाभरच येतं आणि पहिल्या दिवशी तेवढंच पुरतं. मध, गुळाचं पाणी, गुटी यातलं काही चाटवू नका. मधातून बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो, वर्ष पूर्ण होईपर्यंत मध बंद.

दिवसाला ८ ते १२ वेळा पाजणं होतं. घड्याळ लावू नका, बाळाच्या खुणा बघा: तोंड उघडून डोकं वळवणं, मूठ चोखणं, चुळबुळ. रडणं ही शेवटची खूण आहे, तोवर बाळ चिडलेलं असतं आणि नीट तोंडात घेत नाही. तोंडात फक्त बोंडी नको, भोवतालचा काळसर भागही गेला पाहिजे. दुखत असेल तर पकड चुकली आहे, करंगळीनं चोखणं सोडवून पुन्हा लावा. एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावर दुसरी द्या. शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो आणि त्यानंच पोट भरल्याची जाणीव होते.

इंदूरच्या मे महिन्यातही वरून पाणी द्यायचं नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवा आणि बाळंतिणीला भरपूर पाणी, ताक प्यायला द्या. दूध पुरतंय का, हे पाहायला दोन गोष्टी पुरतात: पाचव्या दिवसानंतर रोज सहा किंवा जास्त दुपटी शूनं ओली होणं आणि वजन. पहिल्या काही दिवसांत वजन ७ ते १० टक्के उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. 'रडतं म्हणजे दूध पुरत नाही' या एका वाक्यानं जितक्या बाळांना वरचं दूध लागलं तितकं खऱ्या कमतरतेनं लागलेलं नाही. संध्याकाळी दोन तास किरकिर करणं हे पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक बाळं करतात.

जीवनसत्त्व 'ड' चे ४०० युनिटचे थेंब जन्मापासून वर्षभर रोज द्या. दुसऱ्या कुठल्याही टॉनिकची गरज नाही. कमी वजनाच्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळाला लोह कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील, त्यांना लोह इतरांपेक्षा लवकर लागतं.

नोकरीवर परतणाऱ्या आईला २०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. म्हणजे हे सहा महिने बऱ्याच जणींना पूर्ण मिळू शकतात. त्याआधी कामावर जायचं असेल तर दूध पिळून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते ओट्यावर ठेवू नका, काढल्याबरोबर झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा आणि २४ तासांत वापरा. देताना भांडं कोमट पाण्यात धरा, थेट गॅसवर तापवू नका. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं चांगलं. बाटलीत आईचंच दूध असलं तरी बाटलीनं पिणारी बाळं जास्त वेगानं वजन घेतात, असं दिसून आलं आहे. कारण साधं आहे. छातीशी बाळ स्वतः थांबतं, बाटली मात्र तळ दिसेपर्यंत दुसराच कोणी धरून ठेवतो.

नवजात बाळाची छाती सुजली तर

पहिल्या आठवड्यात मुलगा असो की मुलगी, छाती थोडी फुगते आणि कधी दुधासारखा थेंबही येतो. मुलीला चार-सहा दिवस अंगावर पांढरं किंवा किंचित लाल जाऊ शकतं. आईच्या संप्रेरकांचा हा परिणाम आहे, आपोआप जातो. काही मालिशवाल्या बायका ही छाती दाबून 'दूध काढतात'. हे कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नका. जंतुसंसर्ग होतो, गळू होतं आणि मुलीच्या वाढीच्या ऊतीलाच कायमची इजा होऊ शकते. मालिश करणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवा.

पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची संप्रेरकंही थोडा काळ जागी होतात आणि मग शांत होतात. म्हणून दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलीत एखादी लहान गाठ दिसते. उंची वेगानं वाढत नसेल आणि दुसरी कुठली खूण नसेल तर बहुतेक वेळा ती वाढत नाही. डॉक्टरांना दाखवा आणि दर तीन महिन्यांनी मोजत राहा.

वरचं दूध द्यावंच लागलं तर

वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून नको, मग ते सांची डेअरीच्या पिशवीतलं असो की समोर काढलेलं धारोष्ण. प्रथिन आणि क्षार जास्त, लोह नगण्य, आणि आतड्यातून बारीक रक्तस्राव होऊन पंडुरोग (अंगात रक्त कमी होणं) होऊ शकतो. पाणी घालून पातळ केलं तर उष्मांक घटतात, लोहाचा प्रश्न तसाच राहतो. आईचं दूध खरंच नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पावडरचं दूध, तेही नेमक्या मापानं.

डबा घेताना प्रथिनाचा हिशोब असा करा. डब्यावर १०० ग्रॅम पावडरमागे प्रथिन आणि उष्मांक लिहिलेले असतात. प्रथिनाला उष्मांकांनी भागा आणि १०० नं गुणा. समजा प्रथिन १० ग्रॅम, उष्मांक ५००, तर १०० उष्मांकांमागे २ ग्रॅम. आईच्या दुधात हा आकडा दीडच्या आसपास असतो, गाईच्या दुधात ५ च्या घरात. दोन डब्यांत निवड असेल तर २ च्या जवळचा घ्या, ३ च्या जवळचा नको. सहा महिन्यांनंतरचा, वर्षानंतरचा असे वेगळे डबे घेण्याची गरज नसते. वर्षानंतर साधं दूध चालतं.

पाणी खळखळ उकळा, अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी, वापरा. पावडर निर्जंतुक नसते, हे गरम पाणी तिच्यातले जंतू मारतं. आधी पाणी मोजा, मग पावडर टाका. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असं माप असतं, पण आपल्या डब्यावरचं वाचा आणि त्याच डब्यातला चमचा वापरा. चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करा. नेमकी इथंच चूक होते. आजी प्रेमानं शीग लावून चमचा भरते, दूध दाट होतं, बाळाला तहान लागते, ते पुन्हा मागतं, आणि महिन्याभरात वजनाची रेघ वर उडी मारते. उलट महाग डबा पुरवण्यासाठी कमी पावडर टाकली तर बाळ सुकतं. भांडं नळाखाली धरून दूध कोमट करा, तयार दूध दोन तासांत संपवा, उरलेलं ओतून द्या.

प्रमाण साधारण दर किलो वजनाला दिवसाकाठी १५० मिली, म्हणजे ५ किलोच्या बाळाला ७५० मिलीच्या आसपास. ही मर्यादेची कल्पना आहे, रोज पूर्ण करायचं लक्ष्य समजू नका. बाळानं तोंड फिरवलं, चोखणं मंदावलं, हात सैल सोडले की थांबा. दुधात नाचणी सत्त्व, बिस्किट, साखर घालू नका. रात्रभर झोपावं म्हणून चार महिन्यांच्या आत काही भरवणं तर मुळीच नको. पावडरच्या दुधावरच्या बाळांत याचा लठ्ठपणाशी ठळक संबंध दिसतो.

डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यामुळे दुकानदारानं मोफत नमुना हातात ठेवला तर परत करा.

वजनाची रेघ वाचायला शिका

या सगळ्या लेखातलं सर्वांत उपयोगी काम हेच आहे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही याच्याकडेच होतं. आपल्याकडे गुटगुटीत बाळाचं कौतुक इतकं आहे की रेघ खाली गेली की सगळे धावतात, वर गेली की पेढे वाटतात.

लसीच्या प्रत्येक खेपेला, म्हणजे ६, १०, १४ आठवडे, ९ महिने आणि दीड वर्षाच्या सुमाराला वजन घ्या. मधल्या महिन्यांत अंगणवाडीत घ्या. काटा तोच, बाळ उघडं, शक्यतो पाजण्याआधी. लसींच्या नोंदीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर (एमसीपी कार्ड) वयाच्या उभ्या रेघेवर टिंब द्या आणि टिंबं जोडा. त्या कार्डाचा भर कमी वजन ओळखण्यावर आहे. वरची बाजू पाहायला बालरोगतज्ज्ञांकडचा जागतिक आरोग्य संघटनेचा (डब्ल्यूएचओ) तक्ता मागा, त्यात ३, १५, ५०, ८५ आणि ९७ अशा रेघा असतात; १५ ची रेघ म्हणजे शंभरातली पंधरा बाळं तिच्या खाली. हा तक्ता अंगावर पिणाऱ्या बाळांवरून बनवला आहे आणि ज्या सहा देशांतली बाळं त्यात मोजली गेली त्यात भारतही होता. तेव्हा 'हे आकडे परदेशी बाळांचे' हे म्हणणं चालत नाही.

टिंब कुठल्या रेघेवर आहे याला कमी महत्त्व द्या. ते कुठल्या रेघेवरून कुठल्या रेघेवर गेलं ते पाहा. पहिल्या तीन महिन्यांत रोजची वाढ २० ते ३० ग्रॅम, तीन ते सहा महिन्यांत १५ ते २०, पुढे वर्षापर्यंत १० च्या आसपास. एक उदाहरण घ्या. मुलगी २.६ किलोची जन्मली. सहा महिन्यांच्या मुलीचं मध्य वजन ७.३ किलो असतं. आपल्या मुलीचं तेव्हा ६.३ ते ६.८ असेल तर ती आपल्या रेघेवर किंवा थोडी वर आहे, उत्तम. तिचं वजन ८.२ झालं तर तिनं दोन रेघा ओलांडल्या. अशी वेगानं चढणारी रेघ ज्या मुलींत दिसते त्यांच्यात पुढे पाळी लवकर येण्याचं प्रमाण जास्त असतं.

मग करायचं काय? फक्त अंगावर पिणारं बाळ असेल तर काहीही कमी करू नका, सहा महिन्यांनंतर ही रेघ बहुधा आपोआप आडवी होते. वरचं दूध असेल तर चमच्याचं माप, बाटलीचा आकार आणि 'संपव, संपव' हा आग्रह या तीन गोष्टी तपासा. दूध पातळ करणं किंवा पाजण्याची वेळ चुकवणं हा उपाय नव्हे. बाळाची लांबीही मोजा. लांबी आणि वजन दोन्ही सोबत चढत असतील तर काळजी कमी, वजन एकटंच पळत असेल तर जास्त.

कमी वजनाच्या बाळाच्या आईवडिलांनी इथं गल्लत करू नये. अडीच किलोच्या आतल्या बाळानं पहिल्या महिन्यांत थोडी भर काढणं मेंदूसाठी गरजेचं आहे. ते लवकर वयात येईल या भीतीनं त्याला उपाशी ठेवणं हा अन्याय होईल. त्यांच्यासाठी खरा धोक्याचा काळ दोन वर्षांनंतरचा आहे. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. दोन वर्षांचं असताना बारीक आणि त्यानंतर सतत जाड होत गेलेल्या मुलांत पुढे मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळलं.

उष्टावणानंतर

सहा महिने पूर्ण झाले की अन्न सुरू. दूध चालू ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर पुढेही. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिने अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा आणि मध्ये एखादं खाणं.

खिमटाचं माप: तांदूळ दोन मोठे चमचे, मुगाची डाळ एक मोठा चमचा, अर्धा तास भिजवून, दीड वाटी पाणी घालून कुकरच्या चार शिट्ट्या. घोटून त्यात चहाचा एक चमचा तूप आणि चिमूट जिरेपूड. चमचा तिरका केल्यावर खिमट हळूहळू घसरलं पाहिजे. पाण्यासारखं ओघळलं तर पातळ झालं. डाळीचं वरचं पाणी देण्याची जुनी पद्धत सोडा. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं, ते पाण्यानं भरलं तर उष्मांकांना जागाच उरत नाही.

दोन आठवड्यांत त्यात पालक, गाजर, लाल भोपळा घाला. नाचणीची खीर साखरेऐवजी पिकलेल्या केळ्याची करा. घरात चालत असेल तर अंडं सहाव्या महिन्यापासूनच. वर्षापर्यंत मीठ नको, दोन वर्षांपर्यंत साखर नको. चहा-बिस्किट हा खाऊ नाही. लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली, हे आशा कार्यकर्तीकडून मोफत मिळतं.

भरवताना मोबाइल नको. पडद्यात गुंगलेलं बाळ पोट भरल्यावरही तोंड उघडत राहतं. ताटात काय आणि कधी हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे बाळाला ठरवू द्या.

दोन ते आठ वर्षं

मुलं साधारण पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बारीक होत जातात आणि मग पुन्हा भरू लागतात. 'पोर वाळलं' म्हणून चौथ्या वर्षी दुधात चॉकलेटची पावडर, तूप-साखरेची पोळी सुरू केली की हे भरणं पाचाच्या आधीच सुरू होतं, आणि त्याचा लठ्ठपणाशी आणि लवकर वयात येण्याशी जवळचा संबंध आहे. दूध दिवसाला ४०० मिलीच्या आसपास पुरे. त्याहून जास्त झालं की जेवण कमी होतं आणि लोह घटतं. अशा पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं केंद्र सरकारनंच २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं.

रविवारचे पोहे-जिलेबी कुणाचं बालपण बिघडवत नाहीत. रोज संध्याकाळी शेवेची वाटी, शाळेतून येताना कचोरी आणि वर शिकंजी, हे मात्र बिघडवतं. सहा वर्षांनंतर एक सोपं मोजमाप ठेवा: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

उंची दर सहा महिन्यांनी भिंतीला टाच लावून मोजा आणि तारखेसह लिहा. या वयात वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढ अपेक्षित आहे. ती अचानक ७-८ वर गेली तर ती वयात येण्याची पहिली चाहूल असू शकते, गाठ दिसण्याआधीचीही.

खूण दिसली तर

जाड मुलीत चरबी की गाठ, हे कळणं अवघड जातं. तिला उताणं झोपवा आणि तिला सांगून, आईनंच, बोटांच्या टोकांनी स्तनाग्राखाली हलकेच चाचपा. चरबी मऊ असते आणि पसरते, गाठ बटणासारखी घट्ट लागते आणि दाबली तर दुखते. आधी एकाच बाजूला येणं नेहमीचं आहे, त्याला कर्करोग समजू नका. नुसता घामाचा वास किंवा काखेत केस असतील तर ते बहुधा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचं काम असतं. तरी दाखवा.

मुलगी ८ च्या आत असेल तर महिन्याभरात, ६ च्या आत असेल, रक्त गेलं असेल किंवा सोबत डोकेदुखी आणि नजरेचा त्रास असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. मुलगा ९ च्या आत असेल तर थांबूच नका. मुलांत यामागे काही आजार निघण्याची शक्यता मुलींपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून त्यांचा मेंदूचा एमआरआय करतात. इंदूरमध्ये सुरुवात तुमच्या बालरोगतज्ज्ञांपासून किंवा एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागापासून करा आणि मुलांच्या संप्रेरकांचे तज्ज्ञ गाठा.

जाताना हे सोबत न्या: जन्माचं वजन आणि किती आठवड्यांचं बाळंतपण, एमसीपी कार्ड, उंचीच्या सगळ्या नोंदी, आईला पाळी आली ते वय, आईवडिलांची उंची, आणि घरात वापरात असलेल्या संप्रेरकांच्या मलमांची, गोळ्यांची, काढ्यांची नावं. आईवडिलांच्या उंचीवरून अंदाज असा निघतो: दोघांच्या उंचीची बेरीज, मुलीसाठी त्यातून १३ सेंटिमीटर वजा, मुलासाठी १३ मिळवा, आणि दोनानं भागा. डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतील, रक्तात एलएच (वयात येण्याची साखळी हलली का ते सांगणारं संप्रेरक) आणि थायरॉइड तपासतील, गरज वाटल्यास पोटाची सोनोग्राफी करतील. हाडं वयाच्या बरीच पुढे गेली असतील आणि उंची कमी राहण्याची भीती असेल तर ही प्रक्रिया काही वर्षं थांबवणारी इंजेक्शनं दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी देतात. ती बंद केल्यावर पाळी नेहमीसारखी येते.

नववं ओलांडलेल्या मुलीला बहुधा यातलं काहीच लागत नाही. तिच्या खाण्यावर एकदम बंधनं घालू नका, ती वाढीच्या ऐन वेगात आहे. पाळीला अजून दीड-दोन वर्षं आहेत असं धरून तिला पाळीबद्दल सांगा, दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड आणि एक जास्तीची चड्डी ठेवा, आणि उंची आता सहा महिन्यांऐवजी दर तीन महिन्यांनी लिहा. पाळी आल्यानंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढ उरते, त्यामुळे पुढच्या दीड-दोन वर्षांतल्या नोंदी सर्वांत कामाच्या.